परळच्या प्रयोगशाळेतील विल्सबाई

ज्या वर्षी मुंबईच्या कापडगिरण्यांचे भोंगे एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत जवळजवळ मुके राहिले आणि दीड लाखाच्या आसपास कामगार संपावर गेल्यामुळे गिरणगावातील चुली धड पेटेनाशा झाल्या, त्याच 1928 साली ल्यूसी विल्स नावाच्या चाळिशीच्या एका इंग्रज डॉक्टरीणबाईंनी हिंदुस्थानात एका निराळ्याच चौकशीचे काम हाती घेतले, आणि त्या कामाचा मुख्य मुक्काम परळच्या हाफकिन संस्थेत पडला. संपाची हकीकत इतिहासकारांनी आणि पुढाऱ्यांनी आपापल्या परीने लिहून ठेवली आहे. या बाईंच्या चौकशीची हकीकत मात्र वैद्यकाच्या नियतकालिकांबाहेर फारशी पडली नाही. आज गावोगावी गरोदर बायकांच्या हातात जी तांबडी गोळी पडते, तिच्यातील एका घटकाचा माग प्रथम याच परळात लागला, ही गोष्ट खुद्द परळकरांनाही ठाऊक असेल असे वाटत नाही.

हाफकिन संस्थेची वास्तू म्हणजे मुंबईच्या गव्हर्नरसाहेबांचा परळचा जुना वाडा. 1896 साली शहरात प्लेगने थैमान मांडल्यावर वाल्डेमार हाफकिन यांनी पुढल्या जानेवारीत प्लेगची लस सिद्ध करून पहिल्याने स्वतःच्याच अंगावर टोचून घेतली, 1899 साली त्यांची प्रयोगशाळा या वाड्यात आली आणि 1925 साली संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले. प्लेगाच्या हाहाकारातून जन्मलेल्या या संस्थेत जंतू हाच प्रत्येक रोगाचा पहिला आरोपी मानला जावा, हे स्वाभाविकच होते. आहारातील एखाद्या उणिवेनेही माणूस दगावतो, ही कल्पना तोवर अगदीच अपरिचित राहिली नव्हती. जावा बेटात आयकमान या डच डॉक्टराने सडीक तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांना बेरीबेरीसारखा रोग होतो हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दाखविले होते, आणि 1912 साली काझिमिर फुंक याने अशा अज्ञात अन्नघटकांना ‘व्हिटामिन’ हे नावही दिले होते. तथापि शरीरात काही शिरल्याने रोग झाला, हे म्हणणे माणसाला जितके सहज पटते, तितके काही न मिळाल्याने झाला हे पटत नाही. आणि डॉक्टरही या बाबतीत माणसेच असतात.

विल्सबाईंना ज्या रोगासाठी पाचारण करण्यात आले होते, तो गरोदरपणातील घातक रक्तक्षय. बॉस्टन येथील वॉल्टर चॅनिंग याने 1842 सालीच त्याचे वर्णन केले होते आणि ऑस्लरसारख्या धुरंधर वैद्यानेही 1919 साली त्यावर लिहिले होते. परंतु पश्चिमेकडे विरळा आढळणारा हा विकार हिंदुस्थानातील गरीब बायकांत मात्र मोठ्या प्रमाणावर बळी घेत होता. येथील स्त्रियांसाठी असलेल्या सरकारी वैद्यकीय सेवेत आयुष्य वेचलेल्या मार्गारेट बाल्फोर यांनी बाळंतपणातील मृत्यूंचा तपास चालविला असता या रक्तक्षयाचा वाटा किती मोठा आहे ते त्यांच्या ध्यानात आले, आणि त्यांच्याच निमंत्रणावरून विल्सबाई येथे आल्या. दिवस भरत आले की बाईचा चेहरा पांढराफटक पडे, जीभ लाल होऊन सोलवटे, जुलाब लागत, पायांवर सूज चढे, आणि दोन पावले चालली तरी धाप लागे. पुष्कळदा मूल आणि आई दोघेही हातची जात, आणि एखादी तरली तर बाळंतपणानंतर, जणू काही झालेच नव्हते अशा रीतीने, हळूहळू सुधारतही असे.

सूक्ष्मदर्शकाखाली या रक्ताचे रूप मोठे विलक्षण दिसे. नेहमीच्या रक्तक्षयात, म्हणजे लोहाच्या अभावी होणाऱ्या रक्तक्षयात, तांबड्या पेशी लहान आणि फिकट असतात; येथे त्यांची संख्या भयंकर घटलेली असूनही जी पेशी दिसे ती नेहमीपेक्षा मोठी आणि रंगाने भरलेली असे, आणि अस्थिमज्जेत तर अवाढव्य केंद्रकाच्या, वयात न आलेल्या पेशींची दाटी झालेली असे. हेच चित्र यूरोपात ‘पर्निशियस अ‍ॅनिमिया’ या प्राणघातक रोगात दिसत असल्यामुळे मुंबईतल्या रोगालाही तेच नाव चिकटले होते. परंतु त्या यूरोपीय रोगात जठरातील आम्ल नाहीसे झालेले असते आणि पुढे मज्जातंतूही निकामी होत जातात. मुंबईच्या पुष्कळ रोगिणींचे आम्ल शाबूत होते आणि मज्जातंतूंची ती दुर्दशाही त्यांच्यात दिसत नसे. एकाच नावाखाली दोन रोग नांदत असावेत, असा संशय घेण्यास एवढे पुरेसे होते.

हा संशय ज्यांना आला त्या बाईंची पूर्वपीठिका येथे थोडक्यात सांगितली पाहिजे. बर्मिंगहॅमजवळच्या सटन कोल्डफील्ड गावी 10 मे 1888 रोजी जन्मलेल्या ल्यूसी विल्स केंब्रिजच्या न्यूनम कॉलेजात वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकल्या, 1911 साली परीक्षा उतरल्या, आणि पदवीवाचूनच बाहेर पडल्या. कारण स्त्रियांनी परीक्षा द्यावी, परंतु पदवी मात्र मागू नये, असा त्या विद्यापीठाचा शिरस्ता होता आणि तो 1948 पर्यंत अबाधित चालला. महायुद्ध सुरू झाले तेव्हा त्या दक्षिण आफ्रिकेत होत्या. तेथे शुश्रूषेचे काम केल्यावर लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यक विद्यालयात दाखल होऊन 1920 साली त्या डॉक्टर झाल्या. मात्र दवाखाना थाटण्याकडे त्यांचा कल नव्हता. रॉयल फ्री रुग्णालयाच्या रसायनविभागात गरोदरपणातील शरीरव्यापारांचा अभ्यास करीत त्यांनी आठ वर्षे काढली होती. वनस्पतिशास्त्रात सुरुवात केलेल्या या बाईंच्या कोड्याचे उत्तर अखेरीस हिरव्या पानातच सापडावे, हा योगायोग मोठा मौजेचा आहे. पण ते पुढे.

परळच्या रिवाजाप्रमाणे तपासाची सुरुवात जंतूंपासूनच झाली. रोगिणींच्या आतड्यांत एखादा दुष्ट जंतू ठाण मांडून रक्ताची नासाडी करीत असावा, अशा समजुतीने मलपरीक्षा झाल्या, संवर्धने झाली, नोंदवह्या भरल्या. पण आरोपी हाती लागला नाही. तेव्हा बाईंनी प्रयोगशाळेचा उंबरठा ओलांडून या बायका राहतात कोठे आणि खातात काय, याचा शोध सुरू केला, आणि या संबंध हकिकतीतील निर्णायक पाऊल माझ्या मते हेच. डॉ. एस. एन. तळपदे यांच्या सहकार्याने मुंबईच्या स्त्रियांचा आहार आणि त्यांच्या राहणीतील आरोग्याची स्थिती यांची जी पाहणी त्यांनी केली, तिचा वृत्तांत 1930 साली प्रसिद्ध झाला. पहिला प्राथमिक अहवाल त्याच वर्षी डॉ. माणेक मेहता यांच्याबरोबर लिहिलेला आहे. अशा पाहणीत तळपदे यांच्यासारख्या स्थानिक सहकाऱ्यांचे मोल किती असते हे वेगळे सांगण्याची गरज नाही. चाळीतील कोणतीही बाई परक्या मडमेपाशी आपल्या डब्यातील रिकामी जागा एकाएकी उघडी करीत नाही.

पाहणीतून जे निष्पन्न झाले ते असे, की रोग शहरभर सारखा पसरलेला नव्हता. सुखवस्तू घरांत आणि अँग्लो-इंडियन वस्तीत तो क्वचितच दिसे. गरिबांत तो होता, आणि गरिबांतही गरीब मुसलमान बायकांत त्याचा सर्वांत अधिक जोर होता. धर्माशी त्याचा संबंध नव्हता. फळे, पालेभाज्या आणि प्रथिनयुक्त अन्न यांची सर्वांत मोठी वाण याच घरांत होती, आणि जिचे ताट सर्वांत निकृष्ट, तिचेच रक्त सर्वांत आधी खालावत होते. याच सुमारास मुंबईच्या कायदे कौन्सिलात गिरणीतील बायकांना बाळंतपणाच्या दिवसांत भत्ता मिळावा असे बिल चर्चेत होते, डॉ. आंबेडकरांनी 1928 साली त्याची बाजू हिरिरीने मांडली होती, आणि 1929 साली त्याचा कायदाही झाला. कौन्सिलातील वादाचा आणि प्रयोगशाळेतील तपासाचा विषय एकच बाई होती. फक्त दोन्ही दप्तरे वेगळी होती.

पाहणीने संशय बळावतो, शाबिती होत नाही. 1929 च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत विल्सबाईंनी आपला मुक्काम निलगिरीतील कुन्नूर येथे, पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये हलविला. तेथे रॉबर्ट मॅकॅरिसन हे हिंदुस्थानातील प्रांतोप्रांतीचे आहार उंदरांना घालून कोणाचा उंदीर कसा वाढतो हे पाहत असत, आणि पंजाबातील शिखांच्या आहारावरचे उंदीर धष्टपुष्ट, तर बंगाल व मद्रासकडच्या तांदूळप्रधान आहारावरचे किडमिडीत निघतात, असे त्यांनी दाखविले होते. विल्सबाईंनी मुंबईच्या त्या गरीब मुसलमान बायकांचा आहार गाभण उंदरिणींना चालू केला, तेव्हा त्या रक्तहीन होऊन विण्यापूर्वीच मरू लागल्या. आहारात यीस्ट मिसळले असता हा अनर्थ टळला. प्रमाण हाती आले असे वाटत असतानाच असे उघडकीस आले की, उंदरांच्या अंगावरील उवांमुळेही त्यांच्या रक्ताची हानी होत होती आणि त्यामुळे निष्कर्ष गढूळ झाले होते. शास्त्राच्या इतिहासात अशा उवांना कोणी जागा देत नाही, ही मला उणीव वाटते. बाईंनी उंदीर बाजूला ठेवले आणि माकडांकडे मोर्चा वळविला.

याच्या आधीच, 1926 साली, अमेरिकेत मायनट आणि मर्फी यांनी यूरोपीय घातक रक्तक्षयाच्या 45 रोग्यांना रोज भरपूर यकृत चारून मरणाच्या दारातून परत आणले होते, आणि त्याबद्दल त्यांना व्हिपल यांच्यासह 1934 चे नोबेल पारितोषिकही पुढे मिळाले. हाच उपाय मुंबईच्या बायकांना लागू पडत होता, यात शंका नव्हती. अडचण इतकीच की, रोज अर्धा पौंड काळीज खाणे बॉस्टनच्या रोग्यालाही जड जात असे. मग जिच्या घरी मटण सणासुदीला शिजते किंवा मुळीच शिजत नाही, अशा आठव्या महिन्यातील बाईला, उलट्या आणि जुलाब चालू असताना, ते कोणी आणि कशाच्या जोरावर चारावे? यकृताचे तयार अर्क निघाले होते, परंतु त्यांची किंमत ऐकूनच धर्मार्थ दवाखान्यांनी हात टेकावे अशी होती. औषध ठाऊक आहे पण परवडत नाही, ही स्थिती रोग ठाऊक नसण्याहून काही कमी क्रूर नाही.

येथे मार्माइटचा प्रवेश होतो. इंग्लंडातील बर्टन-अपॉन-ट्रेंट हे गाव बीअरच्या भट्ट्यांसाठी प्रसिद्ध; तेथे भट्टीच्या तळाशी उरणाऱ्या यीस्टचा अर्क काढून, मीठ घालून, 1902 पासून हा काळपट, चिकट आणि कमालीचा खारट पदार्थ बरण्यांतून विकला जाऊ लागला होता. पावाला लावून खाण्याचा हा जिन्नस; कोणाला मनापासून आवडतो, कोणाला वासही सोसत नाही. भट्टीतून आला तरी त्यात मांस नव्हते आणि मद्यही नव्हते, शिवाय तो स्वस्त होता. असे सांगतात की, निकृष्ट आहारावर ठेवलेले एक माकड अगदी अखेरच्या घटका मोजीत असता निरुपायाने त्याला हा मार्माइट चारण्यात आला, आणि पाहता पाहता ते उठून बसले. मुंबईच्या रुग्णालयांतील बायकांना हा अर्क देताच चार-सहा दिवसांत रक्तात नव्या, कोवळ्या पेशी उसळून येऊ लागल्या. ही उसळी मोजणे हेच त्या काळच्या रक्तपरीक्षकाचे खरे कसब होते. काचपट्टीवर रंगविलेल्या रक्तात ज्या पेशींत अजून निळ्या तंतूंची जाळी दिसते त्या कालपरवा मज्जेतून सुटलेल्या, आणि त्यांची गणती शेकडा एक-दोनवरून एकदम वर चढली की मज्जा जागी झाली असे समजावे. जागी झालेली मज्जा कागदावर दिसण्याच्या सुमारासच इकडे खाटेवरच्या बाईची अन्नावरील वासना परतू लागे. 1931 च्या जूनमध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये विल्सबाईंचा याविषयीचा लेख प्रसिद्ध झाला, आणि यीस्टमधील त्या अज्ञात द्रव्याला पुढे ‘विल्स घटक’ असे नाव पडले.

यीस्टमधील सगळाच अंश त्या वेळी ‘ब’ या एका अक्षराखाली मोडे. त्या अक्षराच्या पोटात एक सबंध कुटुंब दडलेले आहे, हे एकेक सभासद बाहेर पडू लागल्यावर कळत गेले. बेरीबेरी रोखणारे पहिले, मग आणखी एक, मग आणखी एक. विल्सबाईंचा घटक यांपैकी कोणाशीच जुळत नव्हता. 1937-38 साली त्या पुन्हा हाफकिन संस्थेत आल्या त्या बोटीने न येता विमानाने. साऊदॅम्प्टनच्या पाण्यावरून उडालेले इंपीरिअल एअरवेजचे विमान मुक्काम करीत करीत पाच दिवसांत कराचीला पोहोचले. बार्बरा एव्हन्स यांच्यासह केलेल्या त्या काळच्या कामातून असे दिसून आले, की यकृताचा जो अत्यंत शुद्ध केलेला अर्क यूरोपीय घातक रक्तक्षयावर रामबाण ठरतो, तो मुंबईच्या रोगिणींना उपयोगी पडत नाही. कच्चा, अशुद्ध अर्क मात्र पडतो. शुद्धीकरणात जे टाकून दिले जात होते, त्यातच या बायकांचे औषध होते. एकाच नावाखाली दोन रोग असल्याचा जुना संशय अशा रीतीने खरा ठरला.

यापुढचा प्रवास अमेरिकेत झाला आणि तो मी थोडक्यात उरकतो. 1941 साली टेक्सास येथे मिचेल, स्नेल आणि विल्यम्स यांनी चार टन पालक पिळून त्यातून एक आम्ल अत्यल्प प्रमाणात वेगळे केले. तेच फॉलिक आम्ल, आणि विल्सबाई ज्याच्या मागावर होत्या तो घटकही तोच. 1945 साली न्यूयॉर्कजवळच्या लेडर्ले प्रयोगशाळांत ते कृत्रिम रीतीने तयार झाले, आणि तेथील संशोधनाचे प्रमुख होते भीमवरम् येथे जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव. त्यांचे दोन भाऊ थोड्याच दिवसांच्या अंतराने संग्रहणीने गेले होते आणि ते स्वतःही त्याच दुखण्यातून उठलेले होते. ज्या संग्रहणीने घर उजाड केले तिच्यावरही फॉलिक आम्ल गुणकारी ठरावे, आणि ते सुब्बारावांच्याच देखरेखीखाली बाटलीत उतरावे, ही घटना कादंबरीत घातली असती तर टीकाकारांनी ओढूनताणून आणलेली म्हटली असती.

हे आम्ल शरीरात करते काय, तेही सांगितले पाहिजे. पेशी दुभंगून तिच्या दोन पेशी व्हायच्या तर तिच्या केंद्रकातील वारशाचे द्रव्य, म्हणजे डीएनए, आधी दुप्पट व्हावे लागते, आणि त्या द्रव्याची एक वीट घडविण्यासाठी फॉलिक आम्ल लागते. ते नसले म्हणजे पेशीचे बाकीचे अंग वाढत राहते, पण ती दुभंगत नाही. कणीक भिजून फुगली आहे, पण गोळे तोडता येत नाहीत, अशी तिची गत होते. म्हणूनच ते मोठाले, वयात न आलेले रक्तकण. गर्भारपणात तर नव्या पेशींची मागणी सर्वांगाने वाढलेली असते आणि शरीरातील या द्रव्याचा साठा जेमतेम काही महिन्यांचा असतो. पालेभाजी पाहायला न मिळालेल्या बाईचा तो नेमका उत्तरार्धात संपे. पाने फार वेळ शिजविली आणि शिजविलेले पाणी ओतून दिले तर त्यातील बराच भाग नष्ट होतो, ही बाब आमच्या स्वयंपाकघरांनी अद्यापि मनावर घेतलेली नाही.

यूरोपीय घातक रक्तक्षयात फॉलिक आम्ल दिले असता रक्त सुधारते, परंतु मज्जातंतूंची हानी तशीच पुढे चालते आणि सुधारलेल्या रक्ताने ती झाकली जाते, असेही लवकरच आढळून आले. त्या रोगाची गुरुकिल्ली निराळी होती: 1948 साली अमेरिकेत आणि इंग्लंडात स्वतंत्रपणे वेगळे केले गेलेले, तांबड्या स्फटिकांचे बी-12 जीवनसत्त्व. फॉलिक आम्ल आणि बी-12 ही पेशींच्या कारभारात परस्परांच्या सह्यांवाचून एक कागदही पुढे जाऊ देत नाहीत. पण एक मिळते पानातून आणि दुसरे फक्त दूध, अंडी, मासे, मांस अशा प्राणिजन्य अन्नातून.

विल्सबाई 1947 साली रॉयल फ्रीमधून निवृत्त झाल्या, त्यानंतरही जमेका, फिजी आणि दक्षिण आफ्रिकेत आहार आणि रक्तक्षय यांचा पाठपुरावा करीत राहिल्या, चेल्सी बरोच्या कौन्सिलात मजूर पक्षातर्फे बसल्या, आणि 16 एप्रिल 1964 रोजी वारल्या. गर्भ राहण्याच्या सुमारास फॉलिक आम्ल मिळाले तर मुलाच्या पाठीच्या कण्यातील जन्मजात व्यंग बहुतांशी टळते, हे ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन मंडळाने 1991 साली निःसंशय सिद्ध केले. अशा व्यंगाचे मूल पूर्वी झालेल्या मातांत पुन्हा तसे होण्याचे प्रमाण त्या प्रयोगात सुमारे तीन चतुर्थांशाने घटले. 1998 पासून अमेरिकेत पिठातच ते मिसळले जाऊ लागले. परळच्या त्या बायकांना, ज्यांची नावे कोणत्याही लेखात नाहीत आणि ज्यांच्या रक्ताच्या काचपट्ट्यांवरून हे सारे सुरू झाले, या पुढच्या गोष्टींचा पत्ताही नव्हता.

हिंदुस्थान सरकारने 1970 साली गरोदर स्त्रियांना लोह आणि फॉलिक आम्ल यांची गोळी देण्याची योजना जारी केली, आणि आज त्या गोळीत 60 मिलिग्रॅम लोहाबरोबर 500 मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आसपासच्या सहा गावांतील माता व मुले यांचा 1993 पासून जो दीर्घ अभ्यास चालविला, त्यात सुमारे दोन तृतीयांश मातांत बी-12 उणे आढळले. आणि 2008 साली त्यांनी दाखविले की, ज्या मातांचे बी-12 कमी आणि फॉलिक आम्ल भरपूर होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देण्याची, म्हणजे पुढील मधुमेहाची, प्रवृत्ती सर्वांत अधिक होती. तेव्हा घरात कोणी गरोदर असेल, आणि विशेषतः घर शाकाहारी असेल, तर सरकारी गोळी चुकवू देऊ नये. पण तेवढ्यावर न थांबता डॉक्टरांना विचारून बी-12 ची रक्तपरीक्षाही करून घ्यावी.